वळिवानंतरची उन्हाची लाट : ऋतुलक्षण, हवामानाचा अंदाज आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

चैत्राचा उत्तरार्ध सुरू झाला की आपल्या चिकित्सालयांतील रुग्णांचे स्वरूप पालटू लागते. घोळणा फुटणे, मूत्रदाह, अम्लपित्त, अंगावर घामोळे, क्लम आणि तृष्णा यांचे रुग्ण वाढतात. याच सुमारास वृत्तपत्रांत हवामान खात्याचा एक ठरावीक अंदाज दर वर्षी एकदा तरी वाचावयास मिळतो : मराठवाडा व विदर्भात दोन दिवस वादळी वारे, विजांचा कडकडाट आणि तुरळक ठिकाणी गारपीट, त्यानंतर कमाल तापमानात वाढ आणि काही भागांत उन्हाच्या लाटेची शक्यता. सर्वसामान्य वाचक या अंदाजातील पहिला भाग काळजीने वाचतो, कारण आंबा, कांदा आणि उघड्यावर वाळत घातलेली हळद त्याच्या डोळ्यांपुढे असते. दुसरा भाग मात्र तो सोडून देतो. ‘उन्हाळाच आहे, ऊन तापणारच’ अशी त्याची धारणा असते.

वैद्याने मात्र हा दुसरा भागच अधिक लक्षपूर्वक वाचावा, असे आमचे मत आहे. वळीव येऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांनी येणारी लाट ही मनुष्यशरीराला विशेष घातक असते, आणि त्या लाटेत आपल्या दारी येणारा रुग्ण आपण आपल्याच शास्त्रातील परिचित लक्षणांमुळे चुकीचा ओळखण्याचा संभव असतो. ही चूक आमच्या हातून घडली आहे. तिचा वृत्तांत पुढे देत आहोत. प्रस्तुत लेखात हवामानाच्या अंदाजाचा अर्थ, ऋतुलक्षणांचा विचार आणि उष्माघाताचे तातडीचे निदान व उपचार यांचा क्रमाने ऊहापोह करण्याचा मानस आहे.

हवामान खात्याची परिभाषा

‘उन्हाची लाट’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. भारतीय हवामान खाते तो निश्चित अर्थाने वापरते. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस, किनारपट्टीवर किमान ३७ अंश आणि डोंगराळ भागात किमान ३० अंश झाल्याखेरीज लाटेचा विचारच केला जात नाही. ही मर्यादा ओलांडल्यावर त्या दिवसाचे तापमान त्या स्थानाच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असेल तर लाट, आणि त्याहूनही अधिक असेल तर तीव्र लाट समजली जाते. मैदानी प्रदेशात प्रत्यक्ष तापमान ४५ अंश झाले तर सरासरीचा हिशेब न पाहता लाट, व ४७ अंश झाले तर तीव्र लाट मानतात. एका हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती राहिली की दुसऱ्या दिवशी लाट घोषित होते. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग आहेत.

यातून वैद्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, लाट ही सरासरीशी तुलना करून ठरते. ज्या किनारी गावाची सरासरी ३३ अंश आहे तेथे ३७.५ अंशांना लाट येते. नागपूर-चंद्रपूरकडील माणसाला हा आकडा सौम्य वाटेल. शरीराचे सात्म्य स्थानाप्रमाणे घडत असल्याने ही व्याख्या आपल्या देशविचाराशी सुसंगतच आहे. दुसरी ही की, लाट घोषित होण्यापूर्वीच पहिला दिवस उलटलेला असतो. म्हणून घोषणेची वाट न पाहता पाच दिवसांचा जिल्हावार इशारा रोज पाहावा. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांत तो दिलेला असतो. कोकणासाठी अनेकदा ‘उष्ण व दमट हवा’ एवढाच इशारा असतो. तो लाटेच्या इशाऱ्याइतकाच गंभीर मानावा.

रात्रीच्या तापमानाकडेही दुर्लक्ष करू नये. दिवसाचे तापमान ४० अंशांच्या वर असताना रात्रीचेही सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक राहिले तर खाते त्यास उष्ण रात्र म्हणते. रात्री शरीर निवले नाही तर दुसऱ्या दिवसाचा ताप आदल्या दिवसाच्या शिलकीवर चढतो. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हीच गोष्ट निर्णायक ठरते.

वळीव काय देतो आणि काय मागे ठेवतो

चैत्र-वैशाखात जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांवरून आलेली आर्द्रता या हवेत मिसळली की दुपारनंतर उंचच उंच ढग उभे राहतात. मेघातून कोसळणारे थंड वारे आधी धुळीचे लोट उठवतात, मग विजा, टपोरे थेंब व क्वचित गारा येतात. तासा-दोन तासांत पारा आठ-दहा अंशांनी उतरतो आणि मातीच्या सुगंधाने मन प्रसन्न होते.

परंतु हा दिलासा अल्पकालीन असतो. आकाश निवळले की तेच प्रखर ऊन आता ओल्या जमिनीवर पडते. जमिनीतून वाफ उठते. आपल्या संहितांनी वर्षाऋतूच्या वर्णनात ‘भूबाष्प’ हा शब्द योजला आहे. त्याचा प्रत्यय वळिवाच्या दुसऱ्या दिवशी कोणालाही यावा. अशा हवेत घाम येतो परंतु वाळत नाही. येथेच खरा धोका आहे. एक लिटर घामाचे बाष्प झाले तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. परंतु घाम नुसताच ओघळून गेला तर जल व लवण यांचा क्षय मात्र होतो, उष्णता शरीरातच राहते.

याचे विदारक उदाहरण आपल्या राज्यात घडले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर भरलेल्या पुरस्कार-समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. जवळच्या केंद्रावरील तापमानाची नोंद त्या दिवशी ४० अंशांपर्यंतही पोहोचली नव्हती. केवळ पाऱ्याच्या आकड्यावर विसंबणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

दुसरे कारण सात्म्याचे आहे. उन्हात काम करणाऱ्याचे शरीर सात ते चौदा दिवसांत उष्णतेला हळूहळू सरावते : घाम लवकर सुटू लागतो, त्यातील लवण कमी होते, रक्ताभिसरण जुळवून घेते. हा सराव मिळविण्यास जसे दिवस लागतात तसा तो काही दिवसांच्या खंडाने ओसरूही लागतो. वळिवामुळे काम बंद राहिले, हवा निवली, आणि मग एकदम लाट आली, तर पहिल्याच दिवशी पूर्ण काम करणारा मजूर अर्ध्या तयारीने उन्हात उभा राहतो. त्यातच बुडालेल्या दिवसांचे काम भरून काढण्याची घाई असते. सात्म्य क्रमाक्रमानेच सोडावे व क्रमाक्रमानेच स्वीकारावे, हा ऋतुसंधीचा नियम आपण पथ्याच्या बाबतीत शिकवितो. तो श्रमाच्या बाबतीतही तितकाच लागू आहे.

ऋतू पंचांगाने की लक्षणांनी?

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या अध्यायात माघापासून दोन-दोन महिन्यांचा एक ऋतू याप्रमाणे गणना सांगितली आहे. त्यानुसार चैत्र-वैशाख हा वसंत व ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म ठरतो. महाराष्ट्रातील वैद्याने ही गणना शब्दशः धरली तर अडचण उद्भवते. आपल्याकडे वैशाखात वणवा पेटलेला असतो आणि आषाढात पेरण्या आटोपत आलेल्या असतात. सुश्रुताचार्यांनी मात्र सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात दोषांच्या चय-प्रकोपासाठी दुसरी गणना दिली आहे. तीत फाल्गुन-चैत्र वसंत, वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म आणि आषाढ-श्रावण प्रावृट् असा क्रम आहे. आपल्या प्रदेशाला ही गणना अधिक जवळची आहे.

तथापि कोणतीही गणना अंतिम नव्हे. २०२५ साली मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोहोचला. त्यांच्या सर्वसाधारण तारखा अनुक्रमे १ जून व ११ जून आहेत. त्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ग्रीष्मचर्या सांगावी की वर्षाचर्या, असा प्रश्न अनेक वैद्यांना पडला असेल. आचार्यांनी ऋतूंची व्यापत्ती मान्य केली आहे. चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, जल, देश आणि काल यांच्या वैगुण्याचा विचार करताना काल हा सर्वांत दुष्परिहार्य मानला आहे. म्हणजे काळ टाळता येत नाही, त्याच्याशी जुळवून मात्र घ्यावे लागते.

व्यवहारात वळिवाच्या दिवसांत दोन ऋतूंची लक्षणे एकाच आठवड्यात दिसतात. ग्रीष्मात मंथ, शीत पानके व दिवास्वाप विहित आहेत. वर्षाऋतूत उदमंथ व दिवास्वाप निषिद्ध आहेत, कारण अग्नी मंद असतो. वळीव पडलेल्या दोन दिवसांत अग्नीची परीक्षा करून आहार लघू ठेवावा, पाणी उकळून गार केलेले द्यावे. पहिल्या पावसाचा लोंढा विहिरीत उतरला की अतिसाराचे रुग्ण वाढतात, आणि अतिसाराने क्षीण झालेला माणूस पुढच्या लाटेचा पहिला बळी ठरतो. आकाश निवळताच पुन्हा ग्रीष्मचर्येकडे वळावे. असे आठवड्यातील पालट सांगण्यासाठी पंचांगाबरोबर हवामानाचा इशाराही वैद्याच्या मेजावर असणे अगत्याचे आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आम्ही मराठवाड्यातील हळदीच्या पट्ट्यात चिकित्साव्यवसाय करीत असतानाची ही घटना. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. दोन दिवस वादळी पाऊस झाला. शिजवून वाळत घातलेली हळद ताडपत्र्यांखाली झाकून ठेवावी लागली, हळद शिजविण्याचे काम थांबले. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले व सगळ्या शिवारात एकच धांदल उडाली. दुपारी चारच्या सुमारास हळद शिजविण्याच्या कामावरील सुमारे पंचेचाळीस वर्षांच्या एका मजुरास त्याच्या पत्नीने व सोबत्यांनी आमच्याकडे आणले.

अंग तापलेले, सर्वांग ठणकत असल्याची तक्रार, किंचित बडबड. काखेतील उष्णतामापकाने १०३ अंश फॅरनहाइट दाखविले. सदरा घामाने भिजलेला होता. आम्ही ज्वर समजलो. किंबहुना घाम सुटला आहे, तेव्हा ज्वर उतरणीस लागला आहे, असा तर्क केला. स्वेदप्रवृत्ती हे ज्वरमुक्तीचे लक्षण आपण सर्वांनीच पाठ केलेले आहे. षडंगोदक सुरू केले, पंख्याखाली झोपविले आणि इतर रुग्ण पाहू लागलो. पाऊण तासाने त्याची पत्नी आमच्या मेजाशी येऊन म्हणाली, “डाक्टरसाहेब, हे मला वळखंनात बगा.”

त्या वाक्याने आमचे डोळे उघडले. गुदमार्गाने तापमान घेतले तेव्हा ते १०६ अंशांच्या पुढे होते. मग हातपंपाचे पाणी, ओल्या चादरी, शेजारच्या रसवंतीतून आणलेला बर्फ आणि रुग्णवाहिका अशी धावपळ झाली. रुग्णाचा जीव वाचला; परंतु मूत्रपिंडांवर आघात झाल्याने त्यास बरेच दिवस मोठ्या रुग्णालयात काढावे लागले, आणि पुढील हंगामात तो उन्हाच्या कामावर टिकू शकला नाही. त्याच्या कुटुंबाने आम्हांस कधी दोष दिला नाही. ती पाऊण घटका-तासांची गणती मात्र आमच्या मनातून गेलेली नाही.

हा ज्वर नव्हे

ही चूक का होते, याचा विचार करू. स्वेदावरोध, संताप आणि सर्वांगग्रह ही ज्वराची सामान्य लक्षणे होत. वृद्ध, बालक किंवा दीर्घरोगी माणूस घरातल्या घरात दोन-तीन दिवस तापत राहून उष्माघाताने पडतो तेव्हा त्याची त्वचा कोरडी, अंग जळते व सर्वांग जखडलेले असते. ही तिन्ही लक्षणे पाहून वैद्य ज्वर म्हणतो. याउलट श्रमाने उष्माघात झालेल्या तरण्या मजुरास पुष्कळदा घाम येत असतो. तो पाहून वैद्य ज्वर उतरत आहे असे म्हणतो. म्हणजे घाम नसला तरी फसगत, असला तरी फसगत. यास्तव घामावरून निदान करू नये.

संप्राप्तीचा भेद मात्र स्पष्ट आहे. ज्वरात दोष आमाशयाच्या आश्रयाने आमाशी मिळून अग्नीला स्वस्थानातून बाहेर काढतात व रसाबरोबर सर्व शरीर तप्त करतात. म्हणून तेथे लंघन, पाचन व उष्णोदक यांना स्थान आहे. उष्माघातात उष्णता आगंतू आहे. ती बाहेरून येते किंवा श्रमाने उत्पन्न होऊन बाहेर जाऊ शकत नाही. तेथे आमाची वाट पाहावयाची नसते. आधुनिक शरीरक्रियेच्या भाषेत सांगावयाचे तर ज्वरात मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्रच वरच्या अंशावर स्थिर होते. उष्माघातात केंद्र जागेवर असते, शरीर मात्र त्याच्या आवाक्याबाहेर तापते. पॅरासिटामॉलसारख्या ज्वरघ्न गोळीचा उष्माघातात उपयोग होत नाही, उलट यकृतास अपाय संभवतो, त्याचे कारण हेच. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात उष्ण वारा व आतप यांनी दग्ध झालेल्याचा निर्देश ज्वरप्रकरणात न करता दग्धप्रकरणात केला असून तेथे शीत विधी सांगितला आहे. वर्गीकरणाची ही दृष्टी आपण विसरलो, हेच आमच्या चुकीचे मूळ होते.

निदानासाठी एकच प्रश्न मुख्य धरावा : संज्ञा शाबूत आहे काय? उन्हात, भट्टीपाशी वा कोंदट जागेत राहिलेला तप्त रुग्ण स्वतःचे नाव, गाव, वार सांगू शकतो काय, घरच्या माणसास ओळखतो काय, सरळ चालतो काय, हे पाहावे. उत्तर नकारार्थी असेल, किंवा आक्षेप, मूर्च्छा, विचित्र वर्तन असेल, तर घाम असो वा नसो, उष्माघातच समजावा. आभ्यंतर तापमान ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर असते; परंतु काखेतील नोंद त्याहून पुष्कळ कमी येऊ शकते. ती कमी आली म्हणून निर्धास्त राहू नये.

संज्ञा पूर्ण शाबूत असून केवळ क्लम, तृष्णा, शिरःशूल, उत्क्लेश, पोटऱ्यांत गोळे एवढीच लक्षणे असतील तर ती उष्णतेच्या थकव्याची अवस्था होय. अशा रुग्णास सावलीत ठेवून लवण-शर्करायुक्त पेय द्यावे व एक तास नजरेखाली ठेवावे. सुधारणा न झाल्यास पुढे पाठवावे.

तातडीचे उपचार

उष्माघाताच्या रुग्णास आधी थंड करावे, मग हलवावे. पहिला अर्धा तास मोलाचा असतो. आमच्या अनुभवातून व सर्वमान्य वैद्यकीय संकेतांतून पुढील क्रम सांगतो.

१. रुग्णास सावलीत घेऊन १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तत्काळ मागवावी.

२. जाड कपडे काढून सर्वांगावर गार पाण्याचा परिषेक सतत चालू ठेवावा व जोराने वारा घालावा. पाण्याने भरलेली टाकी वा हौद जवळ असेल आणि डोके धरून ठेवण्यास माणसे असतील, तर मानेपर्यंत गार पाण्यात बसविणे हा श्रमजन्य उष्माघातात सर्वांत वेगवान उपाय होय.

३. मान, काखा व वंक्षण यांवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा.

४. संज्ञा शाबूत नसलेल्या रुग्णाच्या मुखात पाणी, पन्हे, औषधी काढा, भस्मे, काहीही घालू नये. श्वासमार्गात जाऊन तेच प्राणघातक ठरते. रुग्णास कुशीवर ठेवावे.

५. दर पाच-दहा मिनिटांनी तापमान पाहावे. गुदमार्गाचे तापमान १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास आले की परिषेक थांबवावा.

६. रुग्णवाहिकेतही ओली चादर व वारा चालू ठेवण्यास सांगावे. शुद्ध आली तरी रुग्णालयात पाठवावेच, कारण यकृत, वृक्क व रक्तस्कंदन यांवरील परिणाम पुढील दोन-तीन दिवसांत प्रकट होतात.

प्रवाळ, मौक्तिक, कामदुधा, उशीर, चंदन, सारिवा यांचे स्थान आम्हांस मान्य आहे. परंतु ते प्रतिबंधात, सौम्य अवस्थेत व नंतरच्या अनुबंधात आहे. तीव्र अवस्थेत पाणी आणि वारा हीच औषधे होत.

ग्रीष्मचर्या कोणासाठी?

संहितांतील ग्रीष्मचर्या वाचताना एक गोष्ट जाणवते. तिच्यात शीतगृह, चंदनाचा लेप, दुपारची निद्रा आणि चांदण्यातील विश्रांती आहे. म्हणजे हे उपदेश ज्यास सावलीत राहणे शक्य आहे अशा स्वस्थ माणसास उद्देशून आहेत. आपल्याकडे येणारा ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरील स्त्री, रस्त्यावरील डांबराचा मजूर यांस हे पथ्य जसेच्या तसे सांगणे व्यर्थ आहे.

लवणाचे उदाहरण घ्यावे. ग्रीष्मात लवण, अम्ल व कटू रस वर्ज्य सांगितले आहेत. बसून काम करणाऱ्या पित्तप्रकृतीस हे योग्यच. परंतु दिवसभरात कित्येक लिटर घाम गाळणाऱ्याने मीठ सोडून केवळ पाणी प्यायले, तर पेटके, ग्लानी व क्वचित संज्ञानाशही होतो. अशांसाठी मीठ घातलेले ताक, गूळ-मीठ-जिऱ्याचे कैरीचे पन्हे, कोकणात कोकमाचे सरबत ही परंपरागत पेये उचित आहेत. लोकांनी मंथ व पानक यांच्या कल्पनेला श्रमजीवींच्या गरजेनुसार दिलेले हे रूपच होय. जलसंजीवनीची पुडी मिळाल्यास एक लिटर पाण्यात एकच पुडी, हे प्रमाण काटेकोर पाळावे. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घ्यावे. चमचा चहाचा, सपाट भरलेला असावा. हृद्रोग, वृक्करोग व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना मात्र मीठ व पाणी यांचे प्रमाण स्वतंत्र सांगावे.

दिवास्वापाचा उपदेशही ‘दुपारी बारा ते चार काम बंद’ या रूपात सांगावा व तो मजुराइतकाच मुकादमास व शेतमालकास सांगावा. वळिवाच्या खंडानंतर पहिल्या दिवशी निम्मे काम, मग हळूहळू वाढ, हाही नियम त्यांच्याच कानी घालावा. मजुराच्या हाती तो नसतो.

आपल्या औषधपेट्या व पंचकर्म

लाटेचा इशारा असताना आपल्या चिकित्सालयातील कर्मांचाही फेरविचार करावा. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात अतिउष्ण काळी शरीर शिथिल व औषध तीक्ष्ण होत असल्याने शोधन टाळण्यास सांगितले आहे. चैत्रात वासंतिक वमनाची शिबिरे योजली जातात. अंदाज पाहून ती फाल्गुनाकडे सरकवावीत, आणि लाट आलीच तर स्नेहपान व पेटीस्वेद पुढे ढकलावेत. बंद खोलीतील स्वेदन अशा दिवशी वृद्धास देणे हे साहस होय.

रुग्ण आधीच घेत असलेल्या आधुनिक औषधांची चौकशी करावी. मूत्रल औषधे, रक्तदाबाची काही औषधे, मानसविकारांवरील काही औषधे व सर्दीच्या गोळ्या यांनी स्वेद किंवा रक्ताभिसरण यांवर परिणाम होऊन उष्माघाताचा संभव वाढतो. ती आपण परस्पर बंद करू नयेत. ज्यांनी दिली त्यांच्याशी बोलण्यास सांगावे.

विजेविषयी थोडेसे

वळिवाचा पहिला भाग अगदीच सोडून चालणार नाही. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या घरात जावे व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकाकी झाडाखाली थांबणे सर्वांत वाईट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल उपयोजन जवळच्या विजेची सूचना देते. वीज पडलेल्या माणसास स्पर्श करण्यास लोक भितात. त्याच्या शरीरात विद्युत् शिल्लक राहत नाही, हे गावोगाव सांगावे. श्वास व नाडी थांबलेली असल्यास तत्काळ छातीवर दाब व कृत्रिम श्वास सुरू करावा. असे रुग्ण पुष्कळदा परत येतात. सुश्रुताचार्यांनी त्याच बाराव्या अध्यायात वज्राग्नीने दग्ध झालेला जिवंत असेल तर त्याचा प्रतिकार करण्यास सांगितले आहे, हे येथे स्मरावे.

उपसंहार

अहमदाबाद शहरात मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासांती दिसले, आणि त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा अमलात आणला. अशा आराखड्यांत पाणपोया, सूचना व रुग्णालयांची सज्जता येते. परंतु आपल्या राज्यातील कित्येक गावांत पहिला भेटणारा चिकित्सक हा आयुर्वेदाचा पदवीधरच असतो. आराखडा तेथपर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचो. रुग्ण मात्र आज दुपारी चार वाजता येणार आहे.

म्हणून या अंकाच्या वाचकांना आमची विनंती एवढीच की, चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत रोज सकाळी नाडी पाहण्यापूर्वी जिल्ह्याचा इशारा पाहावा. मेजाच्या खणात गुदमार्गी उष्णतामापक, जलसंजीवनीच्या पुड्या, कोपऱ्यात दोन बादल्या पाणी व जुन्या चादरी ठेवाव्यात, आणि बर्फ कोठे मिळतो हे आधीच ठाऊक असावे. तप्त रुग्ण आला की घामाकडे पाहण्यापूर्वी त्याला विचारावे, “तुमच्याबरोबर कोण आलंय?” त्याने आपल्या माणसास ओळखले तर शास्त्रविचारास अवसर आहे. न ओळखले तर पाण्याची बादली उचलावी.

इति शम्।